गोव्यात ब्रिटलबुश: पाणी कमी, छप्पर आधी

ब्रिटलबुश हे अमेरिका-मेक्सिकोतल्या सोनोरन वाळवंटातलं पिवळ्या फुलांचं झुडूप, गोव्यात जमिनीत लावूच नका. पहिल्याच पावसाळ्यात मुळं कुजतील. बारा इंची मातीची कुंडी घ्या, तळाला मोठं भोक हवं. दोन भाग नदीची जाडी वाळू, दोन भाग चिऱ्याची बारीक खडी, एक भाग माती. किनाऱ्यावरची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसाही नको, ते ओल धरून ठेवतं. शेणखत तर विसराच!

पानं राखाडी दिसली म्हणून पाणी घालू नका. तो रंग पानांवरच्या पांढऱ्या लवेचा; ती ऊन परतवते, बाष्प रोखते. उलट पानं हिरवीगार, लव विरळ झाली, तर पाणी जास्त होतंय. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कुंडी पारदर्शक पत्र्याखाली, वाऱ्यावर. बाल्कांवातली, म्हणजे घरापुढच्या पडवीतली, सावली चालणार नाही.