‘सुम्मा’ सध्या बाजूला ठेवा

ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकायला घेतलंत आणि पहिल्याच आठवड्यात थॉमस अक्वायनस या धर्मतत्त्वज्ञाचा ‘सुम्मा’ हा ग्रंथ उघडलात? घाबरू नका, मीही तेच केलं होतं. आधी संत ऑगस्टीनचं ‘कन्फेशन्स’ घ्या. १३ भागांपैकी पहिले ९ आत्मकथनाचे, तेवढेच वाचा. स्मृती, काळ वगैरेंवरचे उरलेले भाग नंतर.

दोनच सनावळ्या पाठ करा:
- ३२५, निकीयाची धर्मपरिषद: पुत्र (ख्रिस्त) आणि पिता (देव) एकतत्त्व. एरियस हा धर्मगुरू पुत्राला निर्मित मानत होता, त्यावरून हा वाद.
- ४५१, कॅल्सिडनची धर्मपरिषद: ख्रिस्त एक व्यक्ती, स्वभाव दोन, दैवी आणि मानवी.

‘सुम्मा’कडे वळाल तेव्हा एक सांभाळा. तिथे आधी आक्षेप येतात, अक्वायनसचं उत्तर नंतर. नवखे आक्षेपच त्याचं मत म्हणून वहीत उतरवतात! आपल्या शास्त्रग्रंथांतला पूर्वपक्ष आठवा, तसंच ते.