पणजीत जुन्या काळातली, पण अजून जेवण मिळेल अशी तावेर्न (दारू पिण्याची जुन्या धाटणीची जागा) उरली आहे का?

आहे की. हॉटेल व्हेनिते. मांडवीपासून जवळच, ३१ जानेवारी रस्त्यावर. (तारीख गोव्याची नव्हे, १८९१ साली पोर्तुगालात पोर्तू शहरात राजेशाहीविरुद्ध उठाव झाला, त्याची.) ‘व्हेनिते’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘या’.

लाकडी जिना चढून वर जायचं. फळ्यांची जमीन, पाय टाकला की कुरकुरते. भिंतींवर गिऱ्हाइकांनी लिहून-रेघोट्या ओढून एक इंच जागा ठेवलेली नाही. मला ते आवडत नाही, पण जागेची ओळखच ती झालीय. खरी मजा गॅलरीत. जेमतेम एक टेबल आणि दोन माणसं मावतात, खालून स्कूटर गेली तर तिच्या आरशात आपली बशी दिसेल इतकी ती रस्त्यावर झुकलेली. ती मिळाली तरच बसा, नाहीतर थोडं थांबा. मासळी मागवा, ताजं काय आहे ते विचारून.

नुसतं प्यायचं असेल तर फोंतेन्यांसमधला, म्हणजे पणजीतल्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीतला, जोसेफ बार. एवढीशी खोली, त्यामुळे अर्धे लोक ग्लास घेऊन बाहेरच उभे. मार्च ते मे दरम्यान आलात तर हुर्राक घ्या: काजूच्या रसाची पहिली धार, फेणीपेक्षा सौम्य. लिमका, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून. टिकत नाही, म्हणून पावसाळ्यानंतर कुणी ‘ताजी’ म्हणून दिली तर सरळ फेणी मागा.

बरोबर आई-वडील असतील आणि दारूचा वासही नको असेल, तर कॅफे भोसलेत पाव-भाजी खा.