कॅनडातून अमेरिकेच्या रीजनल एअरलाइनकडे : परवाना बदलून मिळतो, काम करण्याचा हक्क वेगळा

कॅनडात उडणाऱ्या मराठी वैमानिकांकडून अमेरिकेतल्या रीजनल एअरलाइनच्या (मोठ्या एअरलाइनसाठी छोट्या विमानांची उड्डाणं चालवणाऱ्या कंपनीच्या) नोकरीबद्दल सतत विचारणा होते. जून २०२२ मध्ये एन्व्हॉय, पीडमाँट आणि पीएसए या तीन कंपन्यांनी नव्या फर्स्ट ऑफिसरचा (सह-वैमानिकाचा) दर तासाला ९० अमेरिकन डॉलरवर नेला, तेव्हापासून तर फारच. या वेळी निवडलेले सहा प्रश्न पुढे देत आहोत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाने वाचावं, कारण तिथेच अडलं तर बाकीच्या तयारीचा उपयोग नाही.

प्रश्न : माझा जन्म पुण्याचा. गेल्या वर्षी कॅनडाचं नागरिकत्व मिळालं. टर्बोप्रॉपवर फर्स्ट ऑफिसर आहे, २,१०० तास झालेत. माझा इंजिनिअर मित्र टीएन व्हिसावर आठवड्याभरात अमेरिकेत कामाला लागला. मलाही तसं जाता येईल का?

नाही. टीएन हा अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्या व्यापार करारातून आलेला दर्जा आहे आणि तो ठरावीक व्यवसायांपुरताच आहे. त्या यादीत इंजिनिअर, अकाउंटंट, फार्मासिस्ट आहेत, अगदी ग्राफिक डिझायनरही आहे. एअरलाइन पायलट नाही. सीमेवर कितीही नीट कागद दाखवलेत तरी यादीत नसलेला व्यवसाय त्यात बसत नाही. (ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आणि कॅनडाचा पीआर म्हणजे कायम रहिवासाचा दर्जा आहे, त्यांच्यासाठी टीएनचा प्रश्नच येत नाही, तो फक्त नागरिकांना मिळतो.)

एच-१बी या कामाच्या व्हिसाचीही तीच अडचण. त्या कामासाठी विशिष्ट विषयातली पदवी अनिवार्य असावी लागते. रीजनल एअरलाइन पायलटकडून पदवी अनिवार्यपणे मागत नाहीत, त्यामुळे अर्जाचा पायाच ढासळतो. अमेरिकन रीजनलमध्ये ऑस्ट्रेलियन वैमानिक दिसतात ते ई-३ व्हिसावर. तो व्हिसा फक्त ऑस्ट्रेलियन नागरिकांसाठी आहे.

म्हणजे उरतं ग्रीन कार्ड. इथे भारतात जन्मलेल्यांची मोठी गफलत होते. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डची रांग पासपोर्टवरून ठरत नाही, जन्माच्या देशावरून ठरते. तुम्ही आज कॅनेडियन असलात तरी ईबी-२ किंवा ईबी-३ या नोकरीवरच्या ग्रीन कार्डच्या वर्गांत भारताच्या रांगेत उभे राहाल, आणि ती रांग दहा वर्षांहून मोठी आहे. 'नॅशनल इंटरेस्ट वेव्हर'मध्ये (राष्ट्रहिताच्या कारणाने मिळणाऱ्या सवलतीत) कंपनीशिवाय स्वतः अर्ज करता येतो. मात्र त्यालाही हीच रांग लागू आहे. अर्ज मंजूर होणं आणि ग्रीन कार्ड हातात पडणं यांत वर्षानुवर्षांचं अंतर पडू शकतं. सल्लागाराला पैसे देण्याआधी हे त्याच्याकडून स्पष्ट वदवून घ्या.

एक वाट मात्र तपासून पाहा. पती किंवा पत्नीचा जन्म दुसऱ्या देशात झाला असेल, समजा कॅनडात किंवा केनियात, तर त्यांच्या जन्मदेशाची रांग तुम्हाला वापरता येते. मुलाच्या जन्मदेशाचा असा उपयोग होत नाही. ग्रीन कार्ड लॉटरीसाठी तर भारत आणि कॅनडा हे दोन्ही देश अपात्र आहेत. जोडीदार अमेरिकन नागरिक असेल तर रांग नसते, फक्त प्रक्रियेचा वेळ लागतो. पण तिथेही अर्ज दाखल केला म्हणून लगेच कामाला लागता येत नाही.

प्रश्न : पत्नी अमेरिकन नागरिक आहे आणि माझं ग्रीन कार्ड काही महिन्यांत अपेक्षित आहे. कॅनडाचं सीपीएल (कमर्शियल परवाना) आणि मल्टी-इंजिन आयएफआर (उपकरणांवर उडण्याचं रेटिंग) आहे. आतापासून काय काय करून ठेवू?

सर्वांत आधी एफएएचं (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचं) फर्स्ट क्लास मेडिकल. एफएएची मान्यता असलेले तपासनीस डॉक्टर कॅनडातही आहेत. परवान्यावर पैसे घालवण्याआधी तब्येत पास होते का ते कळायला हवं. १ जानेवारी २०२५ पासून पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांची रंगदृष्टी संगणकावरच्या मान्यताप्राप्त चाचणीने तपासली जाते. ठिपक्यांच्या जुन्या पुस्तकावर पास झालेला माणूस इथे अडकू शकतो.

मग परवाना. एफएएच्या नियमावलीतल्या भाग ६१.७५ खाली मिळणारं सर्टिफिकेट झटपट हातात पडतं, पण ते तुमच्या परदेशी परवान्यावर टेकलेलं असतं आणि त्यावर फक्त प्रायव्हेट पायलटचे अधिकार मिळतात. एअरलाइनला त्याचा उपयोग नाही. तुम्हाला हवं ते अमेरिका आणि कॅनडा यांच्यातल्या परवाना करारातून मिळणारं, स्वतःच्या पायावर उभं असलेलं कमर्शियल सर्टिफिकेट. हा करार विमानांपुरता आहे. हेलिकॉप्टरचा परवाना किंवा इन्स्ट्रक्टर रेटिंग त्यातून बदलून मिळत नाही.

ओक्लाहोमा सिटीतल्या एफएएच्या परवाना शाखेकडे पडताळणीचा अर्ज करा. ती शाखा ट्रान्सपोर्ट कॅनडाकडून तुमच्या परवान्याची खात्री करून घेते. ज्या स्थानिक एफएए कार्यालयात पुढे जाणार ते अर्जातच लिहायचं असतं. पडताळणीचं पत्र सहा महिनेच चालतं, म्हणून लेखी परीक्षेचा अभ्यास सुरू केल्यावरच अर्ज करा. परीक्षा छोटी असते, भर दोन्ही देशांच्या नियमांतल्या फरकावर. त्यानंतर त्या कार्यालयात वेळ घेऊन कागद दाखवायचे; तिथे १२० दिवसांचं तात्पुरतं सर्टिफिकेट मिळतं.

मराठी माणसांचं इथे हमखास घोडं अडतं ते नावावर. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, कॅनडाच्या परवान्यावर ते गायब, मेडिकलवर नुसतं आद्याक्षर, असं असेल तर पडताळणी परत येते. तिन्ही ठिकाणी नाव अक्षरशः सारखं करून घ्या, मगच अर्ज पाठवा.

पत्ता कॅनडाचाच ठेवणार असाल तर २०२५ पासून लागू झालेल्या नियमानुसार अमेरिकेतला एक प्रतिनिधी नोंदवावा लागतो, जो एफएएचे कागद तुमच्या वतीने स्वीकारेल. ग्रीन कार्ड आल्यावर एफसीसीचं (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाचं) रेडिओ परमिट काढा, कारण अमेरिकेबाहेर उड्डाण करताना ते लागतं. टाइप रेटिंगच्या (विशिष्ट विमान उडवण्याच्या पात्रतेच्या) प्रशिक्षणाआधी टीएसएची (अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा विभागाची) मंजुरीही लागेल. ग्रीन कार्डधारक नागरिक नसल्याने त्यांनाही ती चुकत नाही.

एटीपीच्या (एअरलाइन वैमानिकाच्या सर्वोच्च परवान्याच्या) लेखी परीक्षेआधीचा एटीपी-सीटीपी कोर्स (३० तास वर्ग, १० तास सिम्युलेटर) आत्ता स्वतःच्या खिशातून करू नका. रीजनल कंपन्या सहसा निवडीनंतर तो स्वतः करवून घेतात आणि एटीपीची परीक्षा टाइप रेटिंगबरोबरच होते.

प्रश्न : एकूण १,६४० तास. त्यातले ५०० किंग एअर २०० च्या उजव्या सीटवर, बाकी बहुतेक इन्स्ट्रक्टर म्हणून. क्रॉस-कंट्री ३१० तास. वय २२. मी एटीपीला पात्र आहे का?

पूर्ण एटीपीला नाही. त्यासाठी वय २३, एकूण १,५०० तास, क्रॉस-कंट्री ५००, रात्रीचे १००, इन्स्ट्रुमेंट ७५ आणि पायलट-इन-कमांड (मुख्य वैमानिक) म्हणून २५० लागतात, शिवाय त्या वर्गाच्या विमानावर ५० तास. पण रिस्ट्रिक्टेड एटीपी २१ व्या वर्षी मिळतं, आणि एकूण १,५०० तास असतील तर त्याला क्रॉस-कंट्री २०० पुरतात. त्यावर फर्स्ट ऑफिसर म्हणून काम करता येतं. वय आणि तास भरले की मर्यादा काढून घेता येते.

१,००० किंवा १,२५० तासांची सवलत मात्र विसरा. ती एफएएने मान्यता दिलेल्या अमेरिकन महाविद्यालयांच्या पदवीधरांना आहे. कॅनडातला एव्हिएशन डिप्लोमा कितीही नावाजलेला असला तरी त्यात बसत नाही.

क्रॉस-कंट्रीचा हिशेब नव्याने मांडा. एटीपीसाठी अमेरिकेत सुटलेल्या ठिकाणापासून सरळ रेषेत ५० नॉटिकल मैलांपेक्षा जास्त दूर गेलेलं उड्डाण धरतात, आणि तिथे उतरलंच पाहिजे असं नाही. विद्यार्थ्यांबरोबर केलेली लांबची उड्डाणं यात भर घालतील. उलट ३० मैलांवरच्या विमानतळावर उतरून आलेले तास वजा होतील. प्रत्येक नोंदीपुढे अंतर लिहिलेला वेगळा तक्ता करा आणि मुलाखतीला लॉगबुकबरोबर न्या.

तुमची खरी जोखीम किंग एअरचे ५०० तास आहेत. हे विमान एका वैमानिकासाठी प्रमाणित आहे. विमानाच्या प्रमाणपत्रानुसार किंवा त्या उड्डाणाला लागू असलेल्या नियमांनुसार दोन वैमानिक आवश्यक असतील, तरच अमेरिकेत सेकंड-इन-कमांडचे (सह-वैमानिकाचे) तास धरतात. कंपनीने विमा स्वस्त पडावा म्हणून दुसरा माणूस बसवला असेल तर ते तास धरले जात नाहीत. ते वगळले तर तुमच्याकडे उरतात १,१४०, म्हणजे ३६० तास कमी. म्हणून दोन वैमानिक कोणत्या नियमाखाली लागत होते ते दाखवणारं कंपनीच्या ऑपरेशन्स मॅन्युअलचं पान आणि चीफ पायलटचं पत्र आत्ताच मिळवा. नोकरी सोडल्यावर ते मिळवणं फार जिकिरीचं होतं. भरती विभागाला हा प्रश्न राजीनामा देण्याआधी विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या.

हे १,५०० तास आले ते १२ फेब्रुवारी २००९ च्या बफेलोजवळच्या कोलगन ३४०७ अपघातानंतर. त्या क्यू४०० मधल्या दोन्ही वैमानिकांचे तास १,५०० च्या वरच होते. म्हणून नुसता आकडा पुरेसा आहे असं आम्ही मानत नाही. पण नियम नियम आहे आणि त्यात सूट मिळत नाही.

प्रश्न : कॅनडात डॅश-८ वर कॅप्टन आहे, ६,००० तास. ग्रीन कार्ड आहे. थेट कॅप्टन म्हणून घेतील का?

घेता येणार नाही. भाग १२१ च्या (एफएएच्या नियमित एअरलाइन सेवेच्या नियमांखालच्या) एअरलाइनमध्ये कॅप्टन व्हायला तिथल्याच भाग १२१ मध्ये फर्स्ट ऑफिसर म्हणून १,००० तास लागतात, किंवा अमेरिकन चार्टर आणि फ्रॅक्शनल (विमानाची मालकी वाटून देणाऱ्या) कंपन्यांतल्या ठरावीक प्रकारच्या उड्डाणांत कॅप्टन म्हणून केलेले तास. कॅनडाच्या ७०५ ऑपरेशनमधला (तिथल्या एअरलाइन सेवेतला) तुमचा एकही तास यात मोजला जात नाही. 'डायरेक्ट एंट्री कॅप्टन' अशा जाहिराती हे तास आधीच असलेल्यांसाठी असतात.

महिन्याला ७० तास उडालात तर १,००० तासांना साधारण १४-१५ महिने लागतात. रिझर्व्हवर (बोलावणं आलं तरच उडायचं अशा राखीव ड्यूटीवर) ४० तासच मिळाले तर २५ महिने. तुमच्यासारख्याने म्हणून तासाच्या दराआधी हे विचारावं की नवा फर्स्ट ऑफिसर किती महिने रिझर्व्हवर असतो आणि त्या काळात प्रत्यक्ष किती उडतो. कॅनडातली सीनिऑरिटी (ज्येष्ठताक्रम) सोडून पुन्हा शेवटच्या क्रमांकावर जायचं आहे, आणि परत आलात तर इथेही शेवटूनच सुरुवात.

प्रश्न : विंडसरमध्ये घर आहे, मुलं शाळेत आहेत. घर न हलवता डेट्रॉइट बेसवर नोकरी करता येईल का? पगार हातात किती पडतो?

ग्रीन कार्डवर कॅनडात राहून रोज अमेरिकेत कामाला जाणाऱ्यांसाठी 'कम्युटर' दर्जा आहे. तो रीतसर मागून घ्या. नुसतं ग्रीन कार्ड खिशात ठेवून कॅनडात राहिलात तर अमेरिकेतलं वास्तव्य सोडल्याचा ठपका येऊ शकतो. या दर्जाला दोन काटे आहेत. सलग सहा महिने नोकरी नसेल तर तो जाऊ शकतो, आणि या काळातली वर्षं अमेरिकन नागरिकत्वासाठी धरली जात नाहीत.

पगाराचं गणित गॅरंटीवर, म्हणजे कमी उडालात तरी महिन्याला जितक्या तासांचे पैसे नक्की मिळतात त्यावर करा. ९० डॉलर दर आणि महिन्याला ७५ तासांची गॅरंटी धरली तर महिना ६,७५०, वर्षाला ८१,००० अमेरिकन डॉलर होतात. हा करपूर्व आकडा आहे. दर साधारणपणे ब्लॉक तासांचा (विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतच्या वेळाचा) असतो. विमानतळावर ताटकळलेला वेळ त्यात येत नाही, आणि प्रशिक्षणाच्या काळातला पगार वेगळा, बहुधा कमी असतो. कॅनडाचे रहिवासी राहिलात तर तुमच्या जगभरच्या उत्पन्नावर कॅनडा कर लावतो आणि अमेरिकेत भरलेल्या कराचं क्रेडिट देतो. शिवाय ग्रीन कार्डधारक म्हणून अमेरिकेतही विवरणपत्र भरायचं. टीएफएसए या कॅनडातल्या बचत खात्याची करमुक्ती अमेरिका मानत नाही, आणि अमेरिकेबाहेरच्या खात्यांची एकत्र रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. सही करण्याआधी दोन्ही देशांचे कर जाणणाऱ्या अकाउंटंटकडे एकदा बसा.

सर्वांत नाजूक भाग शॉर्ट-कॉल रिझर्व्हचा. फोन आल्यावर अनेक ठिकाणी दोन तासांत हजर व्हायचं असतं. पूल किंवा बोगद्यावर ट्रकांची रांग लागली तर ते कारण कंपनी ऐकून घेत नाही. रिझर्व्हच्या दिवसांत सीमेपलीकडे झोपायची सोय हवीच. तिचं भाडं हिशेबात आत्ताच धरा. आणि डेट्रॉइट बेस मिळेल हे गृहीत धरू नका. बेस सीनिऑरिटीने मिळतो, आणि बंदही होतो. २०२० च्या एप्रिलमध्ये ट्रान्स स्टेट्स आणि कंपास या दोन्ही कंपन्या बंद पडल्या, आणि सप्टेंबरअखेर एक्सप्रेसजेटची युनायटेडसाठीची उड्डाणं थांबली. रीजनल कंपनी मोठ्या एअरलाइनच्या कंत्राटावर जगते. म्हणून ते कंत्राट कोणाशी आहे, कधी संपतं आणि ताफ्यात ७६ आसनी विमानं किती, हे विचारा. जॉइनिंग बोनस घेताना परतफेडीचं कलम वाचा : किती महिन्यांच्या आत सोडलं तर किती टक्के परत द्यायचे, आणि कंपनीने तुम्हाला कमी केलं तरीही ते लागू होतं का.

प्रश्न : कॅनडात गांजा कायदेशीर आहे. सुट्टीत कधीतरी घेतला तर अमेरिकन कंपनीच्या चाचणीत अडचण येईल का?

येईल. अमेरिकेच्या परिवहन खात्याची नोकरीपूर्व चाचणी कॅनडातला कायदा पाहत नाही. गांजा घेतल्यावर २८ दिवस उडायचं नाही हा ट्रान्सपोर्ट कॅनडाचा नियमही तिथे ढाल म्हणून चालत नाही. नमुन्यात ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त अंश सापडला की निकाल पॉझिटिव्ह. गांजाच्या रोपातून काढलेलं सीबीडी तेल घेतलं होतं, हे स्पष्टीकरणही स्वीकारत नाहीत. चाचणी नाकारली तर तो नकार पॉझिटिव्हसारखाच धरतात, आणि ही नोंद पुढच्या प्रत्येक कंपनीला दिसते. अर्ज करायचं ठरलं त्या दिवसापासून पूर्ण बंद.