'पॅलिएटिव्ह केअर'ला 'अंतिम सेवा' म्हणायचं का?

प्रश्न असा आहे की पेशंटसाठीच्या माहितीपत्रकात 'पॅलिएटिव्ह केअर'ला (म्हणजे गंभीर आजारात पेशंटचा त्रास कमी करणाऱ्या उपचारांना) 'अंतिम सेवा' लिहिलं तर चालेल का, आणि त्यालाच मराठीत 'उपशामक' म्हणतात ते म्हणजे वेदनाशामकच ना?

'अंतिम' नकोच. ते वाचलं की घरचे पहिलं हेच धरणार की डॉक्टरांनी हात टेकले, आणि मुळात तसं नाहीये, केमो किंवा डायलिसिस चालू असतानाही हे उपचार सोबत देतात, आणि कॅन्सरच पाहिजे असंही काही नाही, हार्ट फेल्युअर, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार), पार्किन्सन्स सगळ्यात देतात. 'पॅलिएटिव्हवर टाकलं' असं लोक सर्रास बोलतात ना, त्या 'टाकलं'मधेच सगळी गोची आहे. २०१० मधे अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेले १५१ पेशंट, त्यात ज्यांना निदानानंतर लगेच नेहमीच्या उपचारांच्या जोडीला हेही मिळालं त्यांच्यात नैराश्य कमी दिसलं, आणि शेवटी शेवटी आक्रमक उपचार कमी घेऊनही ते जास्त जगले, मध्यक (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ) ११.६ महिने, बाकीच्यांचा ८.९.

गंमत म्हणजे हा इंग्रजी शब्दही असाच गैरसमज टाळायला आणलेला. बाल्फर माउंट या कॅनडातल्या सर्जननी १९७० च्या दशकात मॉन्ट्रियलमधे तो रूढ केला, कारण तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्यांना 'हॉस्पिस' (शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणाऱ्या जागेचं इंग्रजी नाव) म्हटलं की निराधारांचा आश्रम डोळ्यासमोर यायचा. आता तोच डाग नव्या शब्दालाही लागलाय!

वेदनाशामक म्हणजे फक्त दुखणं कमी करणारं. उपशामकमधे धाप, मळमळ, खाज, झोप न लागणं, भीती, घरच्यांची ओढाताण सगळं येतं, त्यामुळे दोन्ही एक नाहीत. (मॉर्फिन सुरू केलं म्हणजे लवकर मारतायत हीपण अफवाच, थोड्या डोसपासून लक्ष ठेवून वाढवत नेतात, खरा पिच्छा पुरवतं ते बद्धकोष्ठ, म्हणून पोट साफ होण्याचं औषध बहुतेक वेळा सोबतच लिहून देतात. आणि दयामरण ही पूर्ण वेगळी गोष्ट, ती इथे मिसळू नका.)

आयुर्वेदात 'याप्य' असा एक मस्त शब्द आहे, पूर्ण बरा होत नाही पण उपचारांनी आटोक्यात राहतो असा रोग. पण तो रोगाचा प्रकार झाला, उपचाराचा नाही, शिवाय आज वाचून कोणाला कळणार? 'शमन' मात्र सगळ्यांच्या कानावरचं आहे, म्हणून 'उपशामक' बरा.

राहिलं 'केअर'. 'सेवा'ला पुण्यकर्माचा वास येतो आणि 'काळजी' म्हटलं की कोणीतरी चिंता करतंय असं वाटतं, मी सरळ 'उपशामक उपचार' लिहीन आणि पहिल्यांदा येईल तिथेच पुढे जोडेन, 'मूळ आजाराच्या उपचारांसोबतही घेता येतात'.