सौद्यात गप्प उभा राहणारा मुलगा

प्रश्न: मार्केट यार्डात आमचं गुळाचं अडत दुकान आहे. मुलगा 24 वर्षांचा. सौद्याला वडिलांशेजारी उभा राहतो, पण तोंडातून शब्द काढत नाही. लग्नकार्यात जेवण झालं की लगेच गाडीची किल्ली मागतो. शेतकरी मात्र पट्टीचा, म्हणजे विकलेल्या मालाच्या पावतीचा, हिशोब समजून घ्यायला त्यालाच शोधत येतात. जाऊबाई चारचौघांत त्याला ‘घुम्या’ म्हणतात. आता स्थळं यायला लागलीत, काळजीनं झोप लागत नाही.
– एक आई, कोल्हापूर

उत्तर: ताई, पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत, ती पट्टीची. तोलाई, हमाली, उचल वजा जाता हातात किती पडणार, हे वर्षभर राबलेल्या माणसाला शांतपणे समजावून सांगणं सोपं नाही. तिथं तुमचा मुलगा बोलतो, आणि समोरच्याला पटेल असं बोलतो.

मानसशास्त्रात स्वभावाचे पाच मुख्य पैलू मानतात. बोलकेपणा त्यातल्या एकाच पैलूत, बहिर्मुखतेत, येतो. कामातला चोखपणा आणि दुसऱ्याला समजून घेणं हे दोन पैलू वेगळे. माणसं शोधत येतात ती याच दोन गुणांपायी. आपल्याकडं रस्त्यात मोठ्यानं हाक मारून चहाला ओढणारा तेवढा दिलदार ठरतो. गप्प माणसावर हा अन्यायच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट मात्र नीट पारखून घ्या. माणसांची ओढ कमी असणं वेगळं आणि माणसांत भीती वाटणं वेगळं. जोनाथन चीक आणि आर्नल्ड बस या मानसशास्त्रज्ञांनी 1981 साली हा फरक दाखवला. त्यांच्या अभ्यासात अनोळखी माणसापुढं सगळ्यात जास्त अवघडले ते माणसं हवीशी वाटूनही बुजणारे. लग्नातून लवकर परतल्यावर तुमचा मुलगा निवांत असतो की खट्टू? निवांत असेल तर तो त्याचा पिंड आहे, राहू दे. पण खट्टू असेल, अनोळखी फोन घ्यायला घाबरत असेल, परक्यांसमोर त्याला घास उतरत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ही भीती उपचारांनी कमी होते. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर मराठीत मोफत बोलता येतं.

स्थळाचं म्हणाल तर दहाजणांसमोर कांदेपोहे नकोत. दोघांनाच तासभर रंकाळ्यावर फिरू द्या. आणि त्याच्यासमोर तो शब्द पुन्हा नको, हे जाऊबाईंना तुम्हीच सांगा, आजच.