जुन्या राऊटरचं राऊटरपण काढून घ्या

प्रश्न : नमस्कार. खालच्या खोलीत नवीन राऊटर आहे, वायफाय ६ वाला, नेट देणाऱ्या कंपनीनेच बसवलेला. वरच्या मजल्यावर रेंज येत नाही म्हणून कपाटात पडलेला जुना राऊटर बाहेर काढला, दोन अँटेनाचा, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा, आणि जिन्याच्या कडेकडेने केबल वर नेली. केबल जुन्याच्या वॅन पोर्टात (बाहेरून नेट आत घेणाऱ्या) लावली तर वर नेट येतच नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून लॅन पोर्टात (घरातली यंत्रं जोडायच्या) लावली तर कधी येतं कधी येत नाही आणि आता खालचं नेटही अधूनमधून जायला लागलंय. मोबाईलवर रेंज मात्र फुल दिसते. गंमत म्हणजे ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की कधी नव्या राऊटरचं पान उघडतं, कधी जुन्याचं. वैतागून केबल काढली आणि डब्ल्यूडीएस (दोन राऊटर केबलशिवाय हवेतून जोडायची सोय) करून बघितलं, ते दोन दिवस चाललं आणि मग बंद पडलं. इतक्यांदा रीसेट केलंय की पिन आता राऊटरशेजारीच ठेवलीये. जुना राऊटर बिघडलाय असं समजू का?

उत्तर : नाही हो, बिघडलेला नाहीये. उलट तो जरा जास्तच काम करतोय, तिथेच सगळा घोळ आहे.

तुमच्या पत्रात उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय, एकाच पत्त्यावर कधी हे पान उघडतं कधी ते. म्हणजे दोन्ही राऊटरनी स्वतःचा नंबर १९२.१६८.१.१ ठेवलाय. एकाच गल्लीत दोन घरांना एकच नंबर दिला तर पोस्टमन काय करेल, जे दार आधी उघडेल तिथे पत्र टाकेल, तसंच चाललंय. आणि राऊटर नुसतं वायफाय देत नाही, तो घरातल्या प्रत्येक मोबाईल-लॅपटॉपला आयपी पत्ते वाटायचंही काम करतो, त्याला डीएचसीपी म्हणतात. तुमच्याकडे पत्ते वाटणारे दोन झालेत. लॅन पोर्टात केबल लावल्यावर वरचं आणि खालचं मिळून एकच नेटवर्क होतं, मोबाईल विचारतो मला पत्ता द्या, आणि ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता तो घेतो. नव्याने दिला तर नेट चालतं. जुन्याने दिला तर तो सांगतो की बाहेर जायचा रस्ता माझ्याकडून आहे, आणि त्याच्याकडे तर बाहेर जायचा रस्ताच नाही. शिवाय दोघं मिळून एकच पत्ता दोन वेगळ्या मोबाईलना वाटू शकतात ते वेगळंच. खालचं नेट का जातंय ते लक्षात आलं असेल.

वॅन पोर्टात लावल्यावर काहीच का चाललं नाही त्याचं कारणही याच नंबरांत आहे. तिथे जुना राऊटर आतल्या आणि बाहेरच्या बाजूला दोन वेगळी नेटवर्क आहेत असं धरून चालतो, पण तुमच्याकडे दोन्हीकडे १९२.१६८.१ नेच सुरू होणारे पत्ते, त्यामुळे आलेला डेटा आत पाठवायचा की बाहेर हेच त्याला कळत नाही. काही राऊटर हे ओळखून आपला नंबर स्वतःहून बदलतात, तुमचा बदलत नाही. बदलला असता तर नेट चाललं असतं, पण वरच्या लॅपटॉपला खालचा प्रिंटर दिसला नसता आणि मग तुम्ही मला वेगळं पत्र लिहिलं असतं.

तर आता करायचं काय, जुन्याचं राऊटरपण काढून घ्यायचं आणि त्याला नुसता वायफाय फेकणारा डबा करून टाकायचा. त्याच्या सेटिंगमध्ये एक्सेस पॉइंट मोड नावाचं काही असेल तर तेवढं निवडा, बाकीचं तो स्वतः करतो. इतक्या जुन्या राऊटरमध्ये बहुतेक नसेल, मग हाताने करावं लागेल, अर्ध्या तासाचं काम आहे पण क्रम चुकवू नका, लोक इथेच अडकतात.

जुन्याच्या सगळ्या केबल काढा आणि तुमची ती पिन शेवटचीच वापरा, रीसेटचं बटण दिवे एकदम लुकलुकेपर्यंत दाबून धरा, साधारण दहा सेकंद. मग लॅपटॉपचं वायफाय बंद करून लॅपटॉप थेट जुन्याच्या लॅन पोर्टात केबलने जोडा. वायफाय बंद करा हे मुद्दाम सांगतोय, नाहीतर लॅपटॉप मागच्या दाराने नव्या राऊटरला जोडलेला राहतो आणि तुम्ही जुन्याचं समजून नव्याच्याच सेटिंग बदलत बसता, मी केलंय हे. पान उघडलं की आधी वायफायचं नाव आणि पासवर्ड द्या, सिक्युरिटी, म्हणजे वायफायला कुलूप लावायची पद्धत, डब्ल्यूपीए२ आणि एईएस ठेवा. टीकेआयपी असा एक पर्याय दिसेल, तो घेऊ नका, त्यावर वायफाय ४ चा राऊटरसुद्धा जुन्या ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. चॅनेल ऑटोवर न ठेवता हाताने द्या, खालच्याचा २.४ चा चॅनेल १ असेल तर वर ६ किंवा ११ ठेवा. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत, मधलं ३ किंवा ८ घेतलं तर दोन्हीकडचा गोंगाट ऐकायचा. आणि राऊटरचं पान उघडायचा पासवर्ड बदला, तो कंपनीचाच ठेवू नका.

मग लॅन सेटिंगमध्ये जाऊन राऊटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा. तो रीस्टार्ट होईल, पान अडकून पडल्यासारखं वाटेल, ते अडकलेलं नसतं, पत्ता बदललाय म्हणून जुन्या पत्त्यावर कुणी नाही एवढंच. केबल काढून परत लावा, नवीन पत्ता टाका, पुन्हा लॉगिन करा आणि सगळ्यात शेवटी डीएचसीपी बंद करा. शेवटी का, तर तो बंद केल्यावर लॅपटॉपला पत्ता द्यायला कुणी उरत नाही, मग लॅपटॉप स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा काहीतरी पत्ता लावून घेतो, पान उघडत नाही आणि माणूस घाबरून परत पिन उचलतो. घाबरू नका, काम झालंय.

आता जिन्यातून आलेली केबल जुन्याच्या लॅन पोर्टात, खाली नव्याच्याही लॅन पोर्टात. जुन्याचा वॅन पोर्ट रिकामा ठेवा, मी तर त्यावर चिकटपट्टी लावून टाकतो, म्हणजे सहा महिन्यांनी साफसफाई करताना कुणी चुकून तिथे केबल खुपसत नाही. नव्याच्या डीएचसीपीत पत्ते कुठून सुरू होतात ते एकदा बघा, २ पासून असतील तर १०० पासून करा, नाहीतर जुन्याचा २ नंबर तो दुसऱ्याच कुणाला देऊन टाकेल. मग वर जाऊन मोबाईलमध्ये वायफायच्या नावावर टॅप करून गेटवे (बाहेर जायचा रस्ता कुणाकडून आहे त्याचा पत्ता) बघा, १९२.१६८.१.१ दिसलं पाहिजे. ब्राउझरमध्ये १ टाकल्यावर दर वेळी नवाच आणि २ टाकल्यावर दर वेळी जुनाच उघडला की जिंकलात.

डब्ल्यूडीएसचं आता डोक्यातून काढून टाका. प्रत्येक कंपनीने ते आपापल्या पद्धतीने केलं, त्यामुळे दोन कंपन्यांचे राऊटर एकमेकांशी बोलतीलच याची काही खात्री नसते. त्यात दोघांचा चॅनेल एकच लागतो. तुमचं दोन दिवस चाललं आणि बंद पडलं ना, मला तरी वाटतं नवा राऊटर ऑटो चॅनेलवर होता, त्याने रात्री कधीतरी चॅनेल बदलला आणि जुना जुन्याच चॅनेलवर हाका मारत बसला. शिवाय एकाच रेडिओवर आधी ऐकायचं मग तेच परत बोलायचं म्हणून स्पीड निम्म्यावर येतो. काही जुन्या डब्यांत डब्ल्यूडीएस फक्त वेप नावाच्या जुनाट सिक्युरिटीवर चालतं, आणि वेप तर २००१ पासून फुटलेलं आहे, ते लावणं म्हणजे कुलूप लावून किल्ली दारातच ठेवणं. तुमच्याकडे केबल आहे, ती वर नेण्याचे कष्टही घेऊन झालेत, मग हवेतून कशाला.

एक मात्र लक्षात ठेवा, केबल लावलीत तर डब्ल्यूडीएस किंवा रिपीटर मोड (हवेतून सिग्नल घेऊन तोच पुढे फेकणारा) नक्की बंद करा. मी एकदा दोन्ही चालू ठेवलं होतं. एकच डेटा केबलने वर जातो, हवेतून खाली येतो, परत वर जातो, थांबतच नाही. दोन्ही राऊटरचे सगळे दिवे एकाच तालात नाचायला लागले आणि घरातलं एकूण एक यंत्र नेटवरून गेलं. तासभर मी कंपनीच्या कस्टमर केअरशी भांडलो, आणि केबल उपटली तर दोन सेकंदात सगळं सुरळीत. त्यांना परत फोन करून सॉरी म्हणायचं धाडस काही झालं नाही.

स्पीडबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण विचाराल. या जातीच्या बऱ्याच जुन्या राऊटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात, म्हणजे खाली ३०० चा प्लॅन असला तरी वर केबलनेच ९४-९५ च्या पुढे जाणार नाही, आणि २.४ च्या वायफायवर हातात पडेल ते त्याहून कमी. व्हिडिओ कॉलला, सिनेमाला भरपूर आहे. पुढे कधी वरचा राऊटर बदलून गिगाबिटचा (१००० एमबीपीएसच्या पोर्टांचा) घेतलात आणि तरी आकडा ९४ वरच अडला तर केबलची टोकं तपासा, गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात, त्यामुळे एखादी तार सुटली तरी लिंक चालू राहते आणि गुपचूप १०० वर उतरते. जिन्याच्या वळणावर केबल दाबली गेली असेल तर पहिला संशय तिथेच घ्या.

प्रश्न : दोन्ही राऊटरना एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला. तरी वर गेलं की मोबाईल खालच्यालाच चिकटून राहतो, एक काडी रेंज असली तरी सोडत नाही. हे राऊटरमध्ये कुठे बदलायचं?

उत्तर : राऊटरमध्ये नाहीच, कारण कुठल्या राऊटरला जोडायचं हे मोबाईल ठरवतो. आयफोनबद्दल ॲपलने लिहून ठेवलंय की सिग्नल उणे ७० डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजायचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला) खाली गेल्यावर तो दुसरा शोधायला लागतो, बाकीच्यांचं साधारण तसंच पण प्रत्येकाचा हट्ट वेगळा. त्यामुळे खालचा सिग्नल वर अगदीच मरत नसेल तर मोबाईलला हलायचं काही कारणच वाटत नाही. ऐकायला उलटं वाटेल पण नव्या राऊटरच्या २.४ ची पॉवर थोडी कमी करून बघा, बऱ्याच राऊटरमध्ये हाय-मीडियम-लो असं असतं, मीडियमवर टाका. सिक्युरिटी दोन्हीकडे एकच आहे ना तेही बघा, नव्यावर नुसतं डब्ल्यूपीए३ आणि जुन्यावर डब्ल्यूपीए२ असेल तर नाव सारखं असूनही बरेच मोबाईल इकडून तिकडे जाताना अडतात किंवा परत पासवर्ड मागतात. एवढं करूनही जमलं नाही तर सरळ दोन वेगळी नावं द्या. हाताने बदलावं लागतं, पण आपण कुठे जोडलोय हे तरी कळतं, आणि काहीतरी बिघडलेलं शोधत असताना तर मी नेहमी वेगळीच नावं ठेवतो.

प्रश्न : केबल टाकणं शक्य नाही, म्हणून जुना राऊटर रिपीटर मोडवर टाकून जिथे रेंज येत नाही त्याच खोलीत ठेवलाय. आता रेंज फुल पण नेट रांगतं.

उत्तर : फुल रेंज ही मोबाईल आणि रिपीटर यांच्यातली आहे. रिपीटरला स्वतःला मागून काय मिळतंय ते मोबाईल दाखवतच नाही. जिथे मोबाईलला रेंज नव्हती तिथे त्यालाही नाहीये, तो उपाशी आणि तुम्हाला वाढणार काय. त्याला मध्ये आणा, साधारण निम्म्या वाटेवर, जिथे मोबाईलला मुख्य राऊटरचा सिग्नल उणे ६५ च्या आसपास मिळतो (हे दाखवणारी फुकट ॲप्स असतात). मग लॅपटॉप रिपीटरला जोडून मुख्य राऊटरला पिंग करून (हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजून) बघा, दोन-पाच मिलिसेकंद येत असेल तर ठीक, कधी ५ कधी ३०० असं उड्या मारत असेल तर अजून जवळ आणा. स्पीड तरीही निम्मा होणारच.

प्रश्न : नवा राऊटर आल्यापासून जुना प्रिंटर आणि एक कॅमेरा जोडलाच जात नाही. यांच्यासाठी जुना राऊटर चालू ठेवू का? तो वापरणं सुरक्षित आहे का?

उत्तर : आधी नव्यावरच जमतंय का बघा. असली जुनी यंत्रं बहुतेक फक्त २.४ वर चालतात, तेव्हा २.४ ला वेगळं नाव द्या, डब्ल्यूपीए२ ठेवा, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ करा आणि चॅनेल १२ किंवा १३ वर असेल तर खाली आणा, बऱ्याच यंत्रांना ते दोन चॅनेल दिसतच नाहीत. दहातली आठ यंत्रं एवढ्यावर जोडली जातात, हा माझा आपला अंदाज.

सुरक्षिततेचं म्हणाल तर नव्याच्या मागे नुसता एक्सेस पॉइंट म्हणून बसवलेला जुना राऊटर चालतो, बाहेरचं जग थेट त्याच्यापर्यंत पोचत नाही. रिपीटर म्हणून वापरणार असाल तर जरा जपून, २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ मधलं क्रॅक नावाचं भोक सापडलं, त्याचा फटका समोरच्याला जोडून घेणाऱ्या यंत्रांना जास्त, आणि रिपीटर नेमकं तेच करतो. २०१७ नंतरचं फर्मवेअर (राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर) मिळत असेल तर टाका. आणि ज्यात डब्ल्यूपीए२ च नाही असा राऊटर असेल तर कुठल्याच कामाला लावू नका. भंगारात देताना आधी पिनने रीसेट करा, घरातल्या वायफायचा पासवर्ड त्याच्या पोटात तसाच असतो.