करार झाला; आता लोकांना सांगायचं कसं?

कोलंबियाचं सरकार आणि फार्क ही डावी बंडखोर संघटना यांच्यातल्या शांतता करारावरचा मागचा लेख वाचून नाशिक परिसरातल्या वाचकांनी विचारलेले काही प्रश्न.

युद्धाला विटलेले लोक शांतता नाकारतात कसे? (वाचक, नाशिकरोड)

कोलंबियात या करारावर २ ऑक्टोबर २०१६ला सार्वमत झालं. ‘नाही’ ५०.२ टक्के, आणि मतदान जेमतेम ३७-३८ टक्के! करार २९७ पानांचा; तो कोण वाचणार? सरकारने ‘शांतता हवी ना?’ एवढंच विचारलं. विरोधकांनी मात्र नेमक्या जागी बोट ठेवलं: फार्कचे म्होरके तुरुंगाऐवजी संसदेत बसणार. लोकांनी चिडून मतदानाला यावं हाच डाव होता, असं ‘नाही’च्या प्रचारप्रमुखाने नंतर मुलाखतीत सांगूनच टाकलं. पण हा राग सगळीकडे सारखा नव्हता. बोहायात २००२मध्ये चर्चमध्ये आसरा घेतलेली माणसं फार्कच्या स्फोटात मेली होती. त्या गावाने प्रचंड बहुमताने ‘हो’ म्हटलं. माझ्या मते सरकारने कडू कलमं आधी स्वतःच्या तोंडाने सांगायला हवी होती.

ज्यांची माणसं गेली, त्यांना काय सांगणार? (निवृत्त सुभेदार, देवळाली कॅम्प)

सुभेदारसाहेब, निदान खोटा दिलासा तरी देऊ नये. १९९८च्या उत्तर आयर्लंड शांतता करारात सशस्त्र गटांच्या कैद्यांची सुटका होती, आणि तीच सर्वांत जास्त खुपली. करारावरच्या मतदानाला दोन दिवस उरले असताना ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी स्वतःच्या हाताने आश्वासनं लिहून दिली: हिंसा वापरणाऱ्यांना सरकारमध्ये जागा नाही, हिंसा कायमची सोडल्याशिवाय कैदी सुटणार नाहीत. ७१ टक्क्यांनी ‘हो’ म्हटलं. पुढे कैदी सुटले, आयआरए या सशस्त्र संघटनेशी जोडलेला सिन फेन पक्ष सरकारात बसला, आणि आयआरएचं निःशस्त्रीकरण पूर्ण व्हायला २००५ उजाडलं. फसवलं गेल्याची भावना अनेक युनियनवाद्यांच्या, म्हणजे ब्रिटनसोबतच राहू इच्छिणाऱ्यांच्या, मनातून गेली नाही. मतं मिळाली, विश्वास मात्र खर्ची पडला.

सगळं गुप्त ठेवलं तर विरोधच होणार नाही ना? (वाचक, सिन्नर)

सोयरिकीची बोलणी आतल्या खोलीत होतात, पण पत्रिका घरोघर जाते. उत्तर आयर्लंडमध्ये कराराची प्रत खरोखरच प्रत्येक घरी पाठवली होती. आपल्याकडे केंद्र सरकार आणि एनएससीएन (आयएम) ही नागा बंडखोर संघटना यांच्यातल्या ३ ऑगस्ट २०१५च्या नागा आराखडा कराराचा मजकूर सरकारने वर्षानुवर्षे दडवला. मणिपुरातल्या नागा भागांवरही ही संघटना हक्क सांगते; त्यामुळे तिथे ‘आपली जमीन जाणार’ ही धास्ती वाढत गेली, आणि अखेर २०२०मध्ये एनएससीएन (आयएम)नेच तो बाहेर आणला. दडवलेल्या कलमांचा अर्थ शेवटी अफवाच लावतात.

आपल्याकडे नीट जमलेलं एखादं उदाहरण? (वाचक, पंचवटी)

मिझोराम. ३० जून १९८६ला केंद्र सरकार आणि मिझो बंडखोर यांच्यात करार झाला. मुख्यमंत्री लालथनहवला यांनी खुर्ची सोडली, बंडाचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले आणि लालथनहवला त्यांच्या हाताखाली उपमुख्यमंत्री. कराराचा अर्थ समजायला मिझो माणसाला त्यानंतर जाहिरातीची गरज उरली नाही.